पण मूळची कुठली?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशीच्या टेबलामागे मी अकरा वर्षं बसते आहे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातलं एक मध्यम शहर, चार मजली इमारत, परीक्षांच्या दिवसांत रात्रभर उघडी. प्रिंटर अडकला, पुस्तक जागेवर नाही, शांत कोपरा कुठे मिळेल, हे रोजचे प्रश्न. आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा येणारा आणखी एक, "तू कुठली?" मी या शहराचं नाव सांगते. इथेच राहते, इथलाच कर भरते, इथल्याच बसथांब्यावर भिजते. समोरचं माणूस हसतं, मान जराशी कलती करतं आणि म्हणतं, "हो, पण मूळची कुठली?"

विचारणारी माणसं बहुधा भली असतात. मिरज म्हटलं तर कुणाला कळत नाही. सतारी आणि तंबोरे घडतात ते गाव म्हटलं की एखाद्याचा चेहरा उजळतो, गप्पाही होतात. तरी तो 'पण' पायात मोडलेल्या काट्यासारखा दिवसभर सलत राहतो. तुझं पहिलं उत्तर मला पुरलं नाही, असं तो सांगत असतो.

२०२२च्या नोव्हेंबरअखेरीस बकिंगहॅम राजवाड्यातल्या एका समारंभात न्गोझी फुलानी या ब्रिटनमध्येच जन्मलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्तीला राजघराण्यातल्या एका ज्येष्ठ मानकरी बाईंनी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. बाईंनी पद सोडलं, पुढे समोरासमोर माफीही मागितली. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या चहाच्या खोलीत एक सहकारी म्हणाली, "एवढं काय होतं त्यात? कुतूहल असतं माणसाला." मी कप विसळला आणि बाहेर पडले. त्या संध्याकाळी नेटवर्कची मेल उघडली. कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य वंशांच्या कर्मचाऱ्यांचं आणि त्यांच्या पाठीराख्यांचं नेटवर्क. दोन वर्षं ती मेल न उघडता पुसत होते.

'पाठीराखा' हा शब्द माझा. मूळ इंग्रजी शब्द 'अलाय'. दोस्तराष्ट्रांसाठी आपण तो शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. पण इथे अर्थ वेगळा आहे. स्वतःवर वेळ येणार नाही हे ठाऊक असूनही जो दुसऱ्याच्या पाठीशी उभा राहतो, तो. आमच्याकडे अशी एक वेल्श बाई आहे, वित्त विभागातली. बैठकीचं टिपण नेहमी तीच घेते, म्हणजे आमच्यापैकी प्रत्येकाला मोकळेपणानं बोलता यावं. मोठ्या समित्यांमध्ये कुणा आफ्रिकन बाईची सूचना हवेत विरली आणि दहा मिनिटांनी तीच एखाद्या गोऱ्या साहेबाच्या तोंडून आली, तर ही शांतपणे म्हणते, "हे मघाशी त्यांनी सांगितलं होतं." बस, एवढंच. तिच्या पणजीच्या काळी वर्गात वेल्श भाषा बोललेल्या पोराच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाची पाटी अडकवत. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, आणि तीही मी विचारल्यावर.

तर ती पहिली बैठक. तिसऱ्या मजल्यावरची खोली, बारा-तेरा माणसं. सुरुवातीला प्रत्येकानं आपलं नाव सावकाश सांगायचं आणि बाकीच्यांनी ते म्हणून बघायचं, अशी तिथली रीत. माझ्या नावात 'ज्ञ' आहे. इतक्या वर्षांत त्याची तीन-चार चुकीची रूपं मी निमूट स्वीकारली होती. पगाराच्या कागदावर तर चौथंच आहे. माझी पाळी आली तेव्हा टेबलाच्या पलीकडून एक आवाज आला, आणि त्या आवाजात माझं नाव बरोबर होतं. हिंदीतला 'ग्य' नाही, आपला 'द्न्य'. घशात काहीतरी दाटून आलं. परक्या देशात आपलं नाव बिनचूक ऐकणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलं त्यालाच कळेल.

बैठक संपल्यावर मी जवळजवळ धावतच त्याच्याकडे गेले. "अय्या, मराठी! कुठले तुम्ही?"

"नांदेड," तो म्हणाला. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधक होता, चार वर्षांपूर्वी आलेला.

"नांदेड शहर? की मूळचे आणखी कुठले? आणि आडनाव काय?"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं आडनाव सांगितलं आणि हळूच विचारलं, "कळलं ना, ताई?"

त्याचा सूर शांत होता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी "हो हो, छान" असं काहीतरी पुटपुटले आणि घरी आले. भाजी चिरताना अर्थ उलगडला. आडनावातून मला काय कळायला हवं होतं? बाराखडी शिकावी तसं मी ते लहानपणी शिकले होते. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या डब्यात शेजारी बसलेल्या कुटुंबाला आई पहिल्या दहा मिनिटांत आडनाव विचारायची, आणि उत्तर ऐकून डब्यातली चकली पुढे करायची की नाही ते ठरायचं. घरात कुणी कुणाविषयी वाईट बोललं नाही. आम्ही जात मानतच नव्हतो, असंच आम्ही मानत होतो. फक्त विचारत होतो. "मूळचे कुठले?" हा प्रश्न माझ्या मातृभाषेत माझ्या तोंडी इतका सराईत होता, की इंग्रजीतून माझ्यावर उलटेपर्यंत त्याला धार असते हे मला समजलंच नव्हतं.

या देशात मी अल्पसंख्याक आहे. हा शब्द अंगाला लावून घ्यायलाही मला वेळ लागला. आपल्याकडे अल्पसंख्याक म्हटलं की डोळ्यांसमोर मुसलमान, ख्रिश्चन, बौद्ध, जैन येतात. अर्ज भरताना तो रकाना माझ्यासाठी नसायचा. त्याच्यासाठी असायचा. १९५६च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला त्याचे आजोबा चालत गेले नव्हते, पण पुढल्या वर्षी त्यांनी गावातच दीक्षा घेतली. म्हणजे तो दोन्ही देशांत अल्पसंख्याक, मी एकाच देशात. नेटवर्कच्या यादीत मात्र आमच्या नावांपुढे एकच शिक्का, 'एशियन, इंडियन'.

नेटवर्क काय करतं, असं मिरजेहून बहीण फोनवर विचारते. सण साजरे करतं असं तिला वाटतं. तेही करतो. पण खरं काम कंटाळवाण्या कागदांत असतं. व्हिसाच्या शुल्काचं उदाहरण घ्या. परदेशी कर्मचाऱ्याला व्हिसाच्या फीखेरीज आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०२४च्या फेब्रुवारीपासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे, आणि पैसे व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम. नवरा-बायको आणि दोन मुलं धरा, तीन वर्षं धरा, आणि हिशोब करून बघा. त्यासाठी बिनव्याजी उचल मिळावी म्हणून आम्ही दीड वर्ष पत्रं लिहिली. बढतीचे अर्ज भरायला एकमेकांना बसवतो. का, तर या देशातल्या विद्यापीठांमधल्या प्राध्यापकांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आहे, आणि पायरीपायरीनं वर चढताना माणसं कुठे गळतात हे अर्ज वाचले की दिसतं.

हे सगळं कुणा कुलगुरूच्या मनात आलं म्हणून सुरू झालं नाही. १९९३मध्ये लंडनच्या बसथांब्यावर स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या मुलाचा वंशद्वेषातून खून झाला. त्याचे आईवडील वर्षानुवर्षं लढले, १९९९मध्ये मॅक्फर्सन अहवाल आला आणि पोलिसांपासून विद्यापीठांपर्यंतच्या संस्थांनी वंशभेद आपणहून शोधून काढला पाहिजे, अशी जबाबदारी कायद्यात आली. त्याही आधीची कहाणी आमच्या पगार विभागातल्या एका गुजराती मैत्रिणीच्या घरातच आहे. युगांडातून इदी अमीननं आशियाई लोकांना हाकललं तेव्हा, १९७२मध्ये, लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका. तिची आई तरीही आली. इम्पिरियल टाइपरायटर्सच्या कारखान्यात लागली. १९७४च्या मे महिन्यात बोनसमधल्या भेदावरून ३९ आशियाई कामगार बाहेर पडले, मग शेकडो झाले, संप सुमारे तीन महिने चालला. कामगार संघटनेनं त्यांना पाठिंबा दिला नाही. रीतसर मार्गानं गेला नाहीत, असं म्हणाले. मैत्रीण हे सांगते तेव्हा आईचंच वाक्य सांगते, "आम्हाला सगळे सांगत होते, थांबा."

हे 'थांबा' मी पुढे स्वतः म्हणाले. पण त्याआधी न्याहारीविषयी सांगायला हवं, कारण नेटवर्कमध्ये मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट तीच आहे.

आमच्या बैठका दुपारी एकला व्हायच्या. सोयीची वेळ, सगळे जेवायला मोकळे. एकदा वेल्श बाईनं टिपणांची वही चाळून विचारलं, "सफाईवाल्यांपैकी कुणी कधी आलंय का?" कुणीच नाही. विद्यापीठातले सगळ्यात जास्त काळे-सावळे चेहरे ज्या खात्यात, तेच बैठकीत नाही. कारण साधं होतं. त्यांचं काम पहाटे पाचला सुरू होतं, आठला संपतं, आणि नऊला त्यांची दुसरी नोकरी असते. दुपारी एकला त्या कुठल्यातरी शाळेचं नाहीतर दवाखान्याचं न्हाणीघर घासत असतात. मग महिन्यातून एकदा सकाळी सव्वाआठला न्याहारी ठेवली. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, माझ्या जबाबदारीवर. पहिल्या दिवशी दोघी आल्या, चौथ्या महिन्यात चौदा जणी आणि तीन पुरुष. घानाच्या, रोमानियाच्या, नेपाळच्या, आणि एक आंटी गोव्याची.

आंटी मडगावजवळची. आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले, त्यामुळे घराला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि त्या वाटेनं ती युरोपातून इथे आली. माझ्याशी कोकणी बोलते, मी मराठीत उत्तर देते, अडत नाही. मला 'बाय' म्हणते. पहिल्या न्याहारीला मी पोहे नेले होते. तिनं बशी हातात घेतली आणि म्हणाली की या इमारतीत सहा वर्षं काम करते, पण खुर्चीवर बसायची ही पहिली वेळ. ते वाक्य मी टिपणात जसंच्या तसं लिहायला लावलं.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, जिथे बाबासाहेबांनी १९२१मध्ये एमएस्सी आणि १९२३मध्ये डीएस्सी मिळवली, तिथल्या सफाई कामगारांनी २०१७मध्ये संप केला होता. ते कंत्राटदाराकडे होते. आजारपणाची रजा, सुट्ट्या, सगळं विद्यापीठाच्या नोकरांपेक्षा कमी. पुढच्या वर्षी त्यांना विद्यापीठानं आपल्या पटावर घेतलं. नांदेडच्या माझ्या सहकाऱ्यानं ही हकिकत न्याहारीला सांगितली. बाबासाहेब कोण, हे त्यानं आधी दोन वाक्यांत सांगितलं. घानाच्या एका बाईंनी विचारलं, "तो माणूस जिवंत असता तर कुणाच्या बाजूनं उभा राहिला असता?" आणि मग स्वतःच हसल्या, कारण उत्तर त्यांना त्या दोन वाक्यांतच मिळालं होतं.

आता ती बैठक. विषय होता तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म. त्रास कशावरून झाला, ते यादीतून निवडायचं असतं. वंश, धर्म, लिंग, अपंगत्व वगैरे. सहकारी उठून म्हणाला, "यात जात घाला." आणि त्यानं दोन प्रसंग सांगितले. आल्या आल्या भारतीय मुलांच्या घरात खोली बघायला गेला, तर आधी काय खातोस, मग आडनाव, मग खोली गेली म्हणून निरोप. दुसरा प्रसंग एका भारतीय वरिष्ठाचा, ज्यानं जेवताना सगळ्यांदेखत विचारलं, "कोट्यातून का?" त्या दिवशी त्यानं फॉर्म उघडला होता. "माझ्यासाठी 'इतर' होतं," तो म्हणाला.

कायद्याचं त्यानं नीट वाचलं होतं. २०१०च्या समानता कायद्यात वंश म्हणजे रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ. जात त्यात आणता येईल अशी तरतूद होती, २०१३मध्ये संसदेनं ती सरकारवर बंधनकारक केली, आणि २०१८मध्ये सरकारनं सांगितलं की आम्ही आणणार नाही, न्यायालयं बघून घेतील. न्यायालयांनी एकदा बघितलंही. पर्मिला तिर्की या बिहारमधून आणलेल्या आदिवासी मोलकरणीला तासाला ११ पेन्स इतकी कमी मजुरी मिळत होती. २०१५मध्ये तिला सुमारे १ लाख ८४ हजार पौंड मिळाले, आणि जात 'वांशिक मुळा'त बसू शकते हे त्या खटल्यानं दाखवलं. पण तिथवर पोचायला तिला किती वर्षं लागली! फॉर्मच्या यादीत एक शब्द वाढवायला किती लागतात?

खोलीत शांतता पसरली. मग आमच्यातल्याच दोघांनी, भारतातल्याच, विरोध केला. घरची धुणी चव्हाट्यावर कशाला? इथे आधीच आपल्याकडे संशयानं बघतात, त्यात आपणच आपल्यात फूट दाखवायची? बोलता बोलता एकजण माझ्याकडे वळला. नजरेत आपलेपणा होता. ती नजर मी ओळखते, तीत आडनावाची ओळख असते. सहकारीही माझ्याकडेच बघत होता. वेल्श बाईनं पेन थांबवून मला विचारलं, "तुला काय वाटतं?" त्या खोलीत पाठीराखी होण्याची वेळ माझी होती. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वेळ झालाय. पुढच्या बैठकीत घेऊ."

टिपणात तसंच लिहिलं गेलं, माझ्या नावासह. पुढच्या सात महिन्यांत तो विषय एकाही बैठकीच्या पत्रिकेवर आला नाही. मीही आणला नाही.

मग २०२४चा ऑगस्ट आला. २९ जुलैला साउथपोर्टमध्ये नृत्याच्या शिबिरात तीन चिमुरड्या मुलींचा खून झाला. मारेकरी होडीतून आलेला परदेशी आहे अशी खोटी बातमी पसरली आणि गावोगाव दंगली पेटल्या. ३ तारखेच्या रात्री लिव्हरपूलमधलं स्पेलो लेनचं सार्वजनिक वाचनालय जाळलं. मी आयुष्यभर पुस्तकं जागेवर लावत आले आहे. जळलेल्या कपाटांचे ते फोटो मला पाहवेनात. ४ तारखेला टॅमवर्थ आणि रॉदरम इथे, निर्वासित राहत होते त्या हॉटेलांना आग लावली. टॅमवर्थ आमच्यापासून फार लांब नाही.

त्या आठवड्यात नेटवर्क म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप गट आणि एक तक्ता होता. कोण कुठल्या शिफ्टला, कुठल्या बसनं, कुणाकडे गाडी. पहाटे साडेचारला वेल्श बाई आणि तिचा नवरा दोन गाड्या काढून सफाईच्या बायकांना घरून आणत होते. आंटीनं डोक्याला स्कार्फ बांधणं सोडलं, मुसलमान समजतील म्हणून, आणि ते सांगताना तिला रडू आलं. ती म्हणाली, हे भिऊन सोडलं याची लाज वाटते, ज्या पोरी सोडू शकत नाहीत त्यांचं काय? माझी पाळी रात्री आठपर्यंत असायची. मला घरी सोडायला तक्त्यात नांदेडच्या सहकाऱ्याचं नाव होतं. त्यानंच लिहिलं होतं.

पहिल्या संध्याकाळी मी गाडीत बसले. "ताई, पट्टा लावा," तो म्हणाला. रस्ते मोकळे होते, दुकानांना फळ्या ठोकल्या होत्या. दोन सिग्नल गेल्यावर मी म्हणाले, "त्या दिवशी मी विषय टाळला. वेळ झाला नव्हता."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

आणखी काही बोलला नाही. माझं मन हलकं व्हावं म्हणूनही नाही. आणि ते बरोबरच होतं, ते त्याचं काम नव्हतं. तीन संध्याकाळी त्यानं मला दारापर्यंत सोडलं आणि आतला दिवा लागेपर्यंत थांबला. ७ तारखेला दंगली होणार म्हणून यादी फिरत होती. त्या रात्री वॉल्थमस्टोमध्ये, ब्रायटनमध्ये, ब्रिस्टलमध्ये हजारो साधी माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि दंगेखोर बहुतेक ठिकाणी आलेच नाहीत. आम्ही गाडीच्या रेडिओवर ते ऐकलं. तो गाडी कडेला घेऊन पुष्कळ वेळ ऐकत बसला.

सप्टेंबरच्या पत्रिकेवर मी तो विषय घातला. ज्यांनी विरोध केला होता त्यांतल्या एकानं पुन्हा केला, आणि या वेळी मी त्याला मराठी घरांतल्या आडनावाच्या प्रश्नाविषयी, माझ्या आईच्या चकलीच्या डब्याविषयी आणि बैठकीनंतर मी स्वतः काय विचारलं त्याविषयी सांगितलं. सगळ्यांसमोर, इंग्रजीत. जड गेलं. तो मला अजूनही जिन्यात भेटला की नजर चुकवतो. कार्मिक विभागाचं म्हणणं पडलं की नेटवर्कमधल्या किती जणांना हे हवं आहे ते दाखवा, सह्या आणा.

त्या सह्यांचा कागद मी ऑक्टोबरच्या न्याहारीला ठेवला. सहकाऱ्यानं जात म्हणजे काय ते सोप्या इंग्रजीत समजावलं. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात बाबासाहेब विद्यार्थी म्हणून राहिले होते, महाराष्ट्र सरकारनं ते घर २०१५मध्ये विकत घेतलं, तेही त्यानं सांगितलं. नेपाळच्या बाई मान हलवत होत्या, त्यांना समजावण्याची गरजच नव्हती. आंटी चहाचा कप धरून ऐकत होती. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्यांतूय आसा गो, बाय." गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतसुद्धा बामण आणि चाड्डी या जाती अजून वेगळ्या मोजतात, लग्न ठरवताना हटकून विचारतात, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. चर्चमध्ये इतकी वर्षं गेली, पण हे कुणासमोर बोलली नव्हती म्हणाली.

नऊच्या नोकरीची बस पावणेनऊला असते. तिनं हात एप्रनला पुसले, कागद पुन्हा एकदा वाचून घेतला आणि सही केली. जाता जाता उरलेले पोहे डब्यात भरून घेतले. तिच्या खालची ओळ रिकामी होती. मी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि कागद पुढच्या बाईंकडे सरकवला.